कोपनहेगनचा वेढा (१६५८-५९) : शहर नेमके कोणी वाचवले?

तांडेल (धागाकर्ता)

सतराव्या शतकातील युरोपातील बंदरे आणि त्यांचे वेढे यांविषयी वाचताना मला कोपनहेगनच्या वेढ्याकडे पुन्हा पुन्हा परतावेसे वाटते. या शहराला समुद्राकडून आणि जमिनीकडून एकाच वेळी कोंडले गेले, त्याचे पाणी गोठून शत्रूला चालत येता येईल असा रस्ता तयार झाला, आणि तरीही ते पडले नाही. मराठीत या प्रसंगाबद्दल फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. येथील तारखा डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये त्या काळी चालू असलेल्या जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. डच कागदपत्रांत त्याच घटना दहा दिवस पुढच्या तारखांना दिसतील.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाल्टिक समुद्रातून बाहेर पडणारी बहुतेक जहाजे कोपनहेगन असलेले झीलंड बेट आणि आजच्या दक्षिण स्वीडनमधला स्कोने प्रांत यांच्यामधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीतून जात. हेलसिंगोर येथे ती जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे, आणि तिथे क्रोनबोर्गच्या किल्ल्याखाली पंधराव्या शतकापासून डेन्मार्कचा राजा परक्या जहाजांकडून जकात घेत असे. पोलंडचे धान्य, स्वीडनचे लोखंड, जहाजबांधणीला लागणारे लाकूड, डांबर आणि ताग हे सारे या वाटेने पश्चिमेकडे जाई. सामुद्रधुनीचे दोन्ही काठ डेन्मार्ककडे होते, आणि स्वीडनला नेमके हेच खुपत होते.

जून १६५७ मध्ये डेन्मार्कचा राजा तिसरा फ्रेडरिक याने स्वीडनविरुद्ध युद्ध पुकारले. स्वीडनचा राजा दहावा चार्ल्स गुस्ताव पोलंडमध्ये अडकला आहे, तेव्हा १६४५ च्या तहात गमावलेले प्रदेश परत मिळवता येतील, असा त्याचा हिशेब होता. चार्ल्सने पोलंड सोडले, जर्मनीतून वेगाने कूच करून जटलंड घेतले, आणि १६५८ च्या अतिशय कडक हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून आपले सैन्य बेटामागून बेट ओलांडत झीलंडपर्यंत नेले. ३० जानेवारीला छोटा बेल्ट ही सामुद्रधुनी ओलांडताना त्याच्या घोडदळाच्या काही तुकड्या बर्फ फुटून बुडाल्या, तरी तो थांबला नाही. बर्फाची तपासणी करून मोठा बेल्ट ओलांडता येईल असा सल्ला देणारा एरिक डालबेर्ग हा त्याचा लष्करी अभियंता होता. २६ फेब्रुवारीला रोस्किल्ड येथे तह झाला आणि डेन्मार्कने स्कोने, हालँड, ब्लेकिंगे, बोर्नहोल्म बेट, तसेच नॉर्वेकडील बोहुस्लेन आणि ट्रोंडहाइम एवढा प्रदेश सोडला. ओरेसुंडचा पूर्वकाठ त्या दिवशी गेला तो कायमचा.

प्रकरण इथे संपले असते, तर कोपनहेगनचा वेढा झालाच नसता. तहाला सहा महिनेही झाले नव्हते तोच चार्ल्सने कील बंदरातून सैन्य जहाजांवर चढवले आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात झीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कोर्सोर येथे ते उतरवले. युद्धाची घोषणा झाली नव्हती. या वेळी त्याला प्रदेशाचा तुकडा नको होता. डेन्मार्क हे राज्यच संपवायचे, अशा योजनेने तो आला होता. ११ ऑगस्टला तो कोपनहेगनच्या पश्चिमेकडील टेकडीवर पोहोचला, तेव्हा शहराबाहेरच्या वस्त्या जळताना त्याला दिसल्या. त्या डॅनिश लोकांनी स्वतःच पेटवल्या होत्या, कारण तटाबाहेरची घरे वेढा घालणाऱ्याला आडोसा देतात.

शहराची अवस्था वाईट होती. तटबंदीची नीट देखभाल झालेली नव्हती, खंदक जागोजागी उथळ होते, शिबंदी अपुरी होती. राजाने शहर सोडून नॉर्वे किंवा हॉलंडकडे निघून जावे, असे त्याला सुचवले गेले. मी माझ्या घरट्यातच मरेन, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. घोषवाक्ये अनेक राजे देतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याने १० ऑगस्टला, म्हणजे शत्रू वेशीत येण्याच्या आदल्या दिवशी, कोपनहेगनच्या नागरिकांना दिलेली सनद. शहराला राज्याच्या कारभारात स्वतंत्र स्थान, नागरिकांना उमरावांप्रमाणे जमीनजुमला धारण करण्याचा अधिकार, आणि त्यांच्या मुलांना सरकारी पदांची वाट मोकळी, असे त्यात मान्य केले होते. लष्करी सूत्रे हान्स शाक या अनुभवी सेनानीकडे होती, नगरप्रमुख हान्स नान्सेन होता. नागरिकांच्या तुकड्या, विद्यापीठाचे विद्यार्थी, नावाडी, कारागिरांचे मदतनीस, सारे तटावर उभे राहिले आणि पडझड झालेले भाग त्यांनी वेढा चालू असतानाच उभारले.

६ सप्टेंबरला क्रोनबोर्ग पडले. आता ओरेसुंडच्या दोन्ही काठांवर स्वीडनच्या तोफा होत्या आणि स्वीडिश आरमार शहरापुढे उभे होते. पुढचे आठ आठवडे शहराच्या दृष्टीने सर्वांत कठीण गेले.

डच प्रजासत्ताकाचा बाल्टिकचा धान्यव्यापार या सामुद्रधुनीवर अवलंबून होता. दोन्ही काठ एकाच राज्याच्या हाती जाणे त्यांना परवडणारे नव्हते. डेन्मार्कशी त्यांचा संरक्षणाचा करारही होता. याकोब व्हान वासेनार ओब्दाम याच्या हाताखाली डच आरमार आले, अनुकूल वाऱ्यासाठी उत्तरेला नांगर टाकून थांबले, आणि २९ ऑक्टोबरला उत्तरेचा वारा सुटताच क्रोनबोर्ग आणि हेलसिंगबोर्ग यांच्या मधून आत घुसले. कार्ल गुस्ताव व्रांगेलच्या स्वीडिश आरमाराशी त्यांची जी लढाई झाली ती अतिशय निकराची होती. डचांचे विट्टे डे विथ आणि पीटर फ्लोरिस्झोन हे दोन वरिष्ठ दर्यासारंग त्यात मारले गेले, आणि ‘ब्रेडेरोडे’ हे गाजलेले जहाज बुडाले. कोपनहेगनची स्वतःची लहान तुकडी मदतीला निघाली होती, पण डचांना आत आणणारा वाराच तिच्या तोंडावर होता, त्यामुळे ती लढाईपर्यंत पोहोचू शकली नाही. अखेर स्वीडिश आरमार लांड्सक्रोनाच्या बंदरात मागे हटले आणि डच जहाजे रसद व सुमारे २,००० सैनिक घेऊन कोपनहेगनला लागली.

तरीही चार्ल्सने जमिनीकडचा वेढा उठवला नाही. हिवाळा येईल आणि पाणी गोठेल, याची तो वाट पाहत होता. १० फेब्रुवारी १६५९ च्या मध्यरात्रीनंतर त्याने सर्वशक्तीनिशी हल्ला केला आणि पहाटेपर्यंत तो पूर्णपणे फसला.

माझा प्रश्न असा आहे, की शहर कोणी वाचवले? डॅनिश परंपरा नागरिकांना श्रेय देते, डच परंपरा ओब्दामला. माझे मत असे, की या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच काम होते : पाणी उघडे ठेवणे. ऑक्टोबरात ते सामुद्रधुनीत जहाजांनी केले आणि फेब्रुवारीत खंदकावर माणसांनी केले. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

बुरूज

उत्तम विषय मांडलात. मला सर्वांत मोठे कोडे वाटते ते ११ ऑगस्टचे. चार्ल्सची सारी कारकीर्द वेगावर उभी आहे. तट कच्चे होते, शिबंदी थोडी होती, नागरिकांची घडी अजून बसायची होती. मग त्याने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुलतानढवा का केला नाही? सहा महिन्यांनी बर्फावरून जे करायला गेला ते ऑगस्टात कोरड्या जमिनीवरून करता आले असते.

माझा अंदाज असा, की त्याने शहराच्या तटाऐवजी राजाच्या मनाचा हिशेब केला होता. फेब्रुवारी १६५८ मध्ये सैन्य झीलंडवर दिसताच फ्रेडरिकने तह मागितला होता, तसाच तो पुन्हा मागेल असे त्याला वाटले असावे. जळत्या वस्त्या पाहून तो हिशेब चुकल्याचे त्याला कळले, पण हातात वेढ्याच्या तोफा पुरेशा नव्हत्या, आणि आधी क्रोनबोर्ग घेतल्याखेरीज सामुद्रधुनी बंद होणार नव्हती.

तांडेल

आपले म्हणणे मला पटते. त्यात एक भर घालतो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे हल्ल्याआधी मोर्चे खणून तटापर्यंत पोहोचावे लागे, तोफांनी भगदाड पाडावे लागे, आणि मगच पायदळ सोडता येई. या पद्धतीशिवाय केलेला हल्ला फसला, तर काही हजारांचे ते सैन्य परक्या बेटावर निराधार झाले असते. चार्ल्सच्या मागे समुद्र होता. अर्थात हा धोका त्याने बर्फावर स्वीकारला होता आणि इथे टाळला, हे खरेच आहे. या दिरंगाईने शहराला मिळालेले दोन-तीन आठवडे निर्णायक ठरले. ऑगस्टच्या उत्तरार्धात डॅनिश सैन्याने तटाबाहेर पडून स्वीडिश मोर्च्यांवर छापेही घातले. डेन्मार्कचा आधीचा राजा चौथा ख्रिश्चन याचा अनौरस पुत्र उल्रिक ख्रिश्चन युल्लेनलोवे यात पुढे होता. डिसेंबरात तो आजाराने वारला, म्हणून फेब्रुवारीच्या यशात त्याचे नाव कमी घेतले जाते, पण कोंडलेल्या शहराला पहिला धीर या छाप्यांनीच दिला.

नाखवा

मी स्पष्टपणे डचांच्या बाजूने आहे. त्यासाठी शेजारचीच दोन उदाहरणे घेतो, दोन्ही १६२८ सालची.

पहिले ला रोशेलचे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील या प्रोटेस्टंट बंदराला तेराव्या लुईच्या सैन्याने वेढा घातला, तेव्हा तट मजबूत होते आणि महापौर जाँ गिताँ शेवटपर्यंत वाकला नाही. पण कार्डिनल रिशेल्यूने बंदराच्या तोंडाशी सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बांध घातला. आराखडा क्लेमाँ मेतेझो या वास्तुविशारदाचा होता. दगडांनी भरलेली जहाजे बुडवून तो पक्का केला आणि त्यावर तोफा बसवल्या. इंग्लंडचे आरमार मे आणि सप्टेंबरमध्ये आले, बांधापुढे थबकले आणि परत गेले. वेढ्याआधी सुमारे २७,००० वस्तीचे ते शहर ऑक्टोबरच्या अखेरीस शरण आले, तेव्हा जेमतेम ५,००० माणसे उरली होती. बहुतेक उपासमारीने गेली होती. धैर्य कोपनहेगनकरांपेक्षा तसूभरही कमी नव्हते. समुद्र बंद झाला, एवढाच फरक.

दुसरे श्ट्रालझुंडचे. बाल्टिक किनाऱ्यावरील या जर्मन बंदराला जर्मन सम्राटाचा सेनापती वालेनस्टाइन याने त्याच उन्हाळ्यात वेढले. त्याच्याजवळ आरमार नव्हते. समुद्राकडून डॅनिश आणि स्वीडिश कुमक येत राहिली, आणि त्याला वेढा उठवावा लागला. म्हणजे तीस वर्षांनी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोन राज्यांनी तिथे मिळून एका बंदराचे समुद्राकडचे दार उघडे ठेवले होते.

या दोन उदाहरणांवरून मी म्हणतो, की २९ ऑक्टोबरला डच आरमार हरले असते, तर फेब्रुवारीत हल्ला करण्याची गरजच स्वीडिशांना पडली नसती. शहर त्याआधीच भुकेने पडले असते.

बुरूज

नाखवा, आपली दोन्ही उदाहरणे बिनतोड आहेत, पण ओस्टेंड विसरून चालणार नाही. फ्लँडर्सच्या किनाऱ्यावरचे हे शहर ५ जुलै १६०१ पासून सप्टेंबर १६०४ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, स्पॅनिश वेढ्यात होते. समुद्राकडचे दार त्या साऱ्या काळात बंद झाले नाही. डच जहाजे दाणागोटा आणत राहिली, ताजी शिबंदी आणत राहिली, जखमींना घेऊन जात राहिली. तरीही शहर पडले, कारण आंब्रोजिओ स्पिनोलाच्या सैन्याने जमिनीकडून तटामागून तट कुरतडत शेवटी शहरासाठी जागाच उरू दिली नाही.

म्हणून मी असे म्हणेन, की उघडा समुद्र शहराला वेळ मिळवून देतो, आणि त्या वेळात जमिनीवर काय घडते यावर निकाल ठरतो. ओस्टेंडच्या बाबतीत डचांनी तो वेळ दुसरीकडे वापरला. १६०४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्लाउस बंदर घेतले, मग ओस्टेंडच्या शिबंदीने मानाने शहर सोडले. कोपनहेगनला तशी अदलाबदल शक्य नव्हती, कारण राजा, राजकोष, आरमाराची गोदी आणि राज्याचे दप्तर हे सारे त्या एकाच तटाच्या आत होते.

तांडेल

ओस्टेंडचे उदाहरण आणल्याबद्दल आभार. त्याने माझे मूळ विधान अधिक काटेकोर करावे लागेल. समुद्र उघडा ठेवणे ही आवश्यक अट होती, पुरेशी नव्हती. आणि म्हणूनच मला फेब्रुवारीच्या रात्रीबद्दल अधिक लिहावेसे वाटते.

कोपनहेगनची जमिनीकडची बाजू ऑगस्टपासून सतत दुरुस्त होत आली होती. समुद्राकडची बाजू मात्र मुळातच तटावर विसंबून नव्हती. राजवाडा असलेले बेट, आमागर बेटाकडील क्रिस्टियान्सहाव्नची वसाहत आणि त्यांच्यामधले बंदर यांचे रक्षण पाण्याने करायचे, हीच तिथली रचना होती. कडाक्याच्या थंडीत हे गणित उलटते. पाणी गोठले की सर्वांत सुरक्षित बाजू सर्वांत उघडी पडते, कारण तिथे उंच मातीचा तट नसतो. ज्या राजाने आदल्या वर्षी बर्फावरून राज्य जिंकले, त्याने हे हेरले नसते तरच नवल.

शहरातील लोकांनीही ते हेरले होते. जानेवारी-फेब्रुवारीत खंदकातला आणि किनाऱ्यालगतचा बर्फ फोडून पाण्याचा पट्टा मोकळा ठेवण्याचे काम अखंड चालू होते. ज्यांनी गोठणाऱ्या पाण्याच्या प्रदेशात हिवाळा काढला आहे, त्यांना हे काम केवढे जिकिरीचे असते ते सांगायला नको. रात्री फोडलेला बर्फ सकाळी पुन्हा धरतो. करवती, कुऱ्हाडी आणि होड्या घेऊन नावाडी आणि नागरिक हे करत राहिले. तटांच्या उतारावर पाणी ओतून ते निसरडे केले गेले, बंदरातल्या सशस्त्र जहाजांवरच्या तोफा बर्फाच्या मैदानावर रोखल्या गेल्या.

स्वीडिश सैनिकांनी बर्फात मिसळून जावे म्हणून अंगावर पांढरे सदरे चढवले होते. त्यांनी शिड्या आणि खंदकावर टाकायचे उचलून नेण्याजोगे पूल सोबत आणले होते. आदल्या रात्री त्यांनी हुलकावणीचा हल्ला केला आणि परत गेले. मुख्य हल्ला पश्चिम वेस आणि तिच्या दक्षिणेकडील गोठलेल्या किनाऱ्यावरून, तसेच क्रिस्टियान्सहाव्नवर झाला. त्यानंतर ईशान्येकडे पूर्व वेशीच्या बाजूलाही जोर लावला गेला, आणि तिथे काही तुकड्यांनी खंदक ओलांडलाही. वरून तोफा आणि बंदुकांबरोबर उकळते पाणी आणि डांबर ओतले जात होते. या कामात शहरातल्या स्त्रिया होत्या, हे समकालीन वर्णनांतून आले आहे. सकाळी तटाखाली आणि बर्फावर शेकडो स्वीडिश मृतदेह पडले होते, आणि मोकळ्या पाण्यात बुडालेल्यांची गणती वेगळी. शहराची हानी त्या मानाने फारच थोडी झाली.

डच सैनिक त्या रात्री तटावर होते, हे मी मान्य करतो. नाखवांच्या म्हणण्याला त्यामुळे बळच मिळते. पण बर्फ फोडणारे हात शहराचे होते.

उत्तररंग

मी कामानिमित्त डेन्मार्कमध्ये राहतो, त्यामुळे या धाग्यात जागांविषयी थोडी भर घालतो. पश्चिम वेस जिथे होती तिथे आज नगरभवनापुढचा मोठा चौक आहे. जवळच्या तिवोली उद्यानातले तळे हा जुन्या खंदकाचाच उरलेला तुकडा आहे. त्याच ओळीत पुढे ओर्स्टेड उद्यान आणि वनस्पती उद्यान यांतली तळी आहेत. नकाशावर ती जोडत गेलात की सतराव्या शतकातल्या शहराची जमिनीकडची कड जवळपास हाती लागते. तट एकोणिसाव्या शतकात उतरवले गेले, पण क्रिस्टियान्सहाव्नकडचे मातीचे बुरूज आणि त्यांच्या पुढचे पाणी अजून शाबूत आहे. वेढ्याचा भूगोल समजून घ्यायला माझ्या मते तीच जागा सर्वांत चांगली. तिथे उभे राहिले की समुद्र आणि शहर यांच्यात किती थोडे अंतर होते ते ध्यानात येते. नगरभवनाजवळच्या स्टॉर्मगाडे या रस्त्याला त्या रात्रीच्या हल्ल्यावरूनच नाव मिळाले आहे.

इथे एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. हुलकावणीच्या रात्री स्वीडिशांनी आपला असा एक पूल मागे टाकला, डॅनिशांनी तो मोजला आणि दिवसभरात बर्फातला मोकळा पट्टा त्या पुलापेक्षा रुंद केला, त्यामुळे दुसऱ्या रात्री पूल अपुरे पडले, अशी ती हकीकत आहे. यात तथ्य किती असावे?

तांडेल

ती हकीकत डॅनिश परंपरेत घट्ट रुजलेली आहे आणि अशक्य मुळीच नाही, कारण पट्टा रुंद करण्याचे काम तसेही रोज चालू होते. मी तिच्यावर सारा भार टाकणार नाही. पूल पुरेसे लांब असते, तरी समोरून तोफा चालू असताना काळोखात, मोकळ्या पाण्यावर ते टाकणे अवघडच होते. हल्ल्याची वेळ आणि दिशा यांचा अंदाज शहराला आला होता, ही गोष्ट मला अधिक निर्णायक वाटते. अकस्मात येण्यावरच ज्या हल्ल्याची भिस्त असते, त्याची वाट पाहत तट जागा असेल तर पांढऱ्या सदऱ्यांचा उपयोग उरत नाही.

कावेरीकाठ

चर्चेच्या ओघात एक संबंध नोंदवतो, कारण तो आपल्याकडच्या वाचकांना जवळचा वाटेल. या युद्धात डेन्मार्कचा मुख्य दर्यासारंग ओवे ग्येडे हा १६५८ साली स्वीडिशांच्या कैदेत सापडला. हाच ग्येडे तरुणपणी डेन्मार्कची पहिली मोहीम घेऊन हिंदुस्थानाकडे आला होता. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्याने तरंगंबाडी येथे डेन्मार्कची वखार वसवली आणि तिथला डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. पुढे तंजावरला एकोजीराजे भोसल्यांचे राज्य आले आणि तरंगंबाडीचे डॅनिश लोक मराठी दरबाराचे शेजारी झाले.

डेन्मार्क स्वीडनशी झुंजत असताना या वखारीची आठवण ठेवायला कोपनहेगनमध्ये कोणाला सवड नव्हती. १६४३ नंतर पाव शतक मायदेशातून एकही जहाज आले नाही. डॅनिश कंपनी १६५० मध्ये मोडीत निघाली. १६५५ पासून एस्किल्ड अँडर्सन कोंग्सबाक्के हा एकच डॅनिश माणूस स्थानिक लोकांच्या साहाय्याने किल्ला सांभाळून होता. नायकाच्या सैन्यापासून गाव वाचवण्यासाठी त्याने गावाभोवती तटही घातला. १६६९ मध्ये जहाज आले, तेव्हा किल्ल्यावर डेन्मार्कचे निशाण फडकत होतेच. कोपनहेगनचा वेढा यशस्वी झाला असता, तर तरंगंबाडीचे काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळे मला सुचतो.

तांडेल

ग्येडेच्या अटकेची माहिती मला होती, पण कोंग्सबाक्केचा काळ या वेढ्याला लागूनच होता हे मी कधी जोडून पाहिले नव्हते. मनापासून आभार. डेन्मार्क हे राज्यच नाहीसे झाले असते, तर त्या वखारीला मालकच उरला नसता, एवढे तरी खात्रीने म्हणता येईल.

नाखवा

एक मुद्दा राहिला आहे असे वाटते. आपण कोपनहेगनच्या विजयाविषयी बोलत आहोत, पण ओरेसुंडच्या पलीकडच्या काठावरची मालमो, हेलसिंगबोर्ग, लांड्सक्रोना ही शहरेही रोस्किल्डच्या तहापर्यंत डॅनिशच होती. त्यांचे काय झाले? डच आरमाराने कोपनहेगन वाचवले, पण स्कोने परत मिळवून देण्यात त्यांना रस नव्हता. उलट दोन्ही काठ दोन वेगळ्या राज्यांकडे असणे त्यांच्या व्यापाराला सोयीचेच होते. १६५९ मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि डच प्रजासत्ताक यांनी हेग येथे मिळून तहाची चौकट ठरवली, तीही अशीच होती. मालमोमध्ये डेन्मार्कच्या बाजूने कट झाला आणि त्याबद्दल बार्थोलोमेउस मिक्केलसेन याला डिसेंबर १६५९ मध्ये मृत्युदंड दिला गेला. बोर्नहोल्मच्या लोकांनी मात्र डिसेंबर १६५८ मध्ये उठाव करून स्वीडिश अधिकाऱ्याला ठार केले आणि बेट स्वतः फ्रेडरिकच्या स्वाधीन केले, म्हणून ते डेन्मार्ककडे राहिले. डचांचे श्रेय मी मान्य करतो, पण ते मोजून मापून दिलेले साहाय्य होते, हेही लिहिले पाहिजे.

बुरूज

सहमत आहे. आणि मग नागरिकांना दिलेल्या त्या १० ऑगस्टच्या सनदेचे पुढे काय झाले? धागाकर्त्यांनी तिला एवढे महत्त्व दिले आहे, तर ती पाळली गेली का, हे वाचायला आवडेल.

तांडेल

वेढ्याइतकाच हाही प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आधी युद्धाचा शेवट सांगतो. नोव्हेंबर १६५९ मध्ये मित्रसैन्याने डच आरमाराच्या साहाय्याने फ्यून बेटावर उतरून निबोर्ग येथे स्वीडिश सैन्याला शरण आणले. १३ फेब्रुवारी १६६० रोजी दहावा चार्ल्स वयाच्या ३७ व्या वर्षी गोथेनबर्ग येथे अचानक वारला, आणि २७ मे रोजी कोपनहेगनचा तह झाला. ट्रोंडहाइम आणि बोर्नहोल्म परत मिळाले. नाखवांनी म्हटल्याप्रमाणे स्कोने गेले ते गेलेच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिकाम्या तिजोरीचा प्रश्न सोडवण्यासाठी उमराव, धर्मगुरू आणि शहरे यांच्या प्रतिनिधींची सभा कोपनहेगनमध्ये भरली. वेढ्यात तटावर उभे राहिलेले नागरिक आता कर न भरणाऱ्या उमरावांच्या समोर बसले होते, आणि त्यांचे नेतृत्व तोच हान्स नान्सेन करत होता. बिशप हान्स स्वाने त्याच्या बरोबर होता. या दोघांनी राजाला वंशपरंपरागत सत्ता देण्याचा ठराव मांडला. उमराव अडून बसले, तेव्हा शहराच्या वेशी बंद करण्यात आल्या आणि नागरी तुकड्या शस्त्रसज्ज झाल्या. उमराव नमले. ऑक्टोबरमध्ये राजाने राज्यारोहणाच्या वेळी उमरावांना लिहून दिलेला करारनामा रद्द झाला, आणि काही महिन्यांतच सत्ता पूर्णपणे राजाच्या हाती गेली. १६६५ च्या राजसत्तेविषयीच्या कायद्याने ती लेखी पक्की केली.

नागरिकांच्या सनदेला जून १६६१ मध्ये नव्याने मान्यता मिळाली. जमीन धारण करणे, पदांवर नेमणूक होणे, व्यापारातल्या सवलती हे लाभ खरोखर मिळाले, आणि उमरावांची मक्तेदारी संपली. राज्यकारभारात मत देण्याचा जो अधिकार त्या सनदेत होता, तो मात्र अर्थहीन झाला, कारण आता राजाखेरीज कोणाच्याच मताला कायदेशीर वजन नव्हते. ज्या नागरी तुकड्यांनी शत्रूसाठी वेशी बंद केल्या, त्यांनीच दोन वर्षांनी उमरावांसाठी त्या बंद केल्या, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सत्तेवर त्यांचाही अंकुश राहिला नाही. मला याचे वाईट वाटते, पण त्यांनी डोळे झाकून हे केले असे मी म्हणणार नाही. जुन्या व्यवस्थेत त्यांच्या वाट्याला तेवढेही नव्हते.

तटबंदीतही हा बदल दिसतो. वेढ्यातला धडा घेऊन राजाने डच अभियंता हेन्रिक र्‍यूझे याच्याकडून बंदराच्या उत्तर तोंडाशी पाच बुरुजांची ताराकृती गढी बांधवली. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला अडवणे हा तिचा मुख्य हेतू होता. तिचे बुरूज आणि खंदक मात्र शहराच्या बाजूनेही तितकेच पक्के केलेले आहेत, आणि ती गढी आजही लष्कराच्या ताब्यात आहे.